डाव्या हातातली घंटा

गुरुवार, बौद्ध

तिबेटी पूजेतल्या हातघंटेला तिबेटी लोक द्रिलबू म्हणतात. ती जिथे ओतली जाते आणि जिथे वाजते, त्या दोन्ही ठिकाणी बसून नीट ऐकायची, एवढं एकच काम डोक्यात ठेवून आम्ही बहीण-भाऊ काठमांडूला आलो आहोत. मी गाणं शिकवते. दिवसाचा बराच वेळ तंबोऱ्यासोबत जातो. दादाची सगळी नोकरी कोल्हापुरात, शिरोलीच्या फाउंड्र्यांमध्ये झाली. घंटा हा आम्हा दोघांच्याही कामाचा विषय निघाला, हे आमचं भाग्य.

खोली बौद्धनाथच्या स्तूपाजवळच घेतली; या भागाला इथे नुसतं बौद्ध म्हणतात. सामान टाकून संध्याकाळी लगेच प्रदक्षिणेला उतरलो. २०१५च्या भूकंपात या स्तूपाच्या शिखराला मोठी इजा झाली होती; २०१६ मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. आज खालून पाहताना त्याची खूण दिसत नाही. स्तूपाला उजवी घालून माणसं फिरत असतात: हातात माळ घेतलेल्या आज्या, शाळेतून परतणारी पोरं, दंडवत घालत पुढे सरकणारा एखादा यात्रेकरू. भोवतीच्या गोल रस्त्यावर पूजासाहित्याची दुकानं आहेत, आणि त्यांच्या फळ्यांवर लहानापासून मोठीपर्यंत घंटा ओळीने मांडलेल्या. प्रत्येकीशेजारी तिचं वज्र, पूजेत हाती धरायचं धातूचं छोटं आयुध. सुटी घंटा सहसा कुणी मागत नाही आणि दुकानदारही देत नाहीत. ही जोडीच आहे.

एका दुकानातल्या दिदींनी मधल्या मापाची घंटा हातात दिली. वीतभर उंच, मनगटाला जाणवेल इतकी जड. दिव्याखाली धरून वरून खाली पाहत गेले. मुठीच्या टोकाला अर्धं वज्र, त्याची टोकं वर जाऊन मिटलेली. त्याच्याखाली एक शांत चेहरा, मुकुट घातलेला: ही प्रज्ञापारमिता, बौद्धांची प्रज्ञेची देवी. तिच्याखाली छोटा कलश. मग घंटेचा खांदा सुरू होतो, तिथे आठ पाकळ्यांचं कमळ आणि पाकळी-पाकळीवर एकेक बीजाक्षर. पोटावर उग्र मुखं कोरलेली आणि त्यांच्या तोंडातून मोत्यांचे सर लोंबलेले. त्या नक्षीच्या वर एक आणि खाली एक अशा आडव्या वज्रांच्या दोन ओळी. काठ मात्र अगदी कोरा. वाजण्याचं काम तिथे होतं, म्हणून तिथे कुणी नक्षी करत नाही.

घंटा म्हणजे प्रज्ञा, वज्र म्हणजे उपाय आणि करुणा. घंटा डाव्या हातात, वज्र उजव्या. आपल्याकडेही घरच्या पूजेत घंटा डाव्या हातानेच वाजते, उजवा हात पाण्या-फुलांत गुंतलेला असतो. त्यामुळे ती मूठ धरताना माझ्या हाताला परकं काही वाटलं नाही. फक्त आपल्या घंटेवर गरुड किंवा नंदी बसलेला असतो, तिथे इथे देवीचा चेहरा.

दिदींनी मग लाकडी दांडू काठावरून गोल फिरवून दाखवला. लाकूड काठाला क्षणभर धरतं, सुटतं, पुन्हा धरतं, आणि त्यातून एक सलग स्वर उभा राहतो. परदेशी पाहुण्यांना हे फार आवडतं असं त्या म्हणाल्या. आवाज गोड आहे, यात शंका नाही. पण मठातल्या पूजेत घंटा घासत नाहीत, वाजवतात, आणि घासल्यावर या वाद्याची खरी श्रीमंती झाकली जाते असं माझं मत झालं. मी दांडू बाजूला ठेवून लोलकाचा एकच ठोका दिला.

पहिल्यांदा वरचा, टोकदार आवाज. तो चटकन विरतो. त्याच्याखालून एक खोल स्वर वर येतो आणि बराच वेळ टिकतो; गवयांच्या भाषेत सांगायचं तर घंटेला आस आहे. आणि ती आस सरळ नसते, तिच्यात लाटा असतात. घंटेचं तोंड कितीही गोल ओतलं तरी भिंत एखाद्या अंगाला किंचित जाड राहते, त्यात नक्षीचं वजन असतंच. त्यामुळे एकाच स्वराची दोन जवळजवळ सारखी कंपनं एकदम उठतात. एकाची कंपनसंख्या ६०० आणि दुसऱ्याची ६०४ असली, तर कानाला सेकंदाला ४ लाटा ऐकू येतात. तंबोऱ्याच्या जोडाच्या तारा केसभर मागेपुढे असल्या की हीच लाट येते. तिथे आम्ही मणी सरकवून ती घालवतो. इथे मात्र तिच्यावरच घंटेचा जीव आहे. मी एकामागून एक घंटा वाजवून पाहत राहिले. एकीची लाट घाईची, एकीची इतकी संथ की मोजताना श्वास लांबला. सारख्या मापाच्या दोन घंटांचा स्वर मात्र एकदाही जुळला नाही.

सगळ्यांत वरच्या फळीवरच्या घंटा दिदींनी शेवटी काढल्या. "या देहरादूनच्या," त्या म्हणाल्या. तिबेटमधून आलेल्या लोकांच्या वस्त्यांमुळे देहरादूनला हे काम रुजलं, आणि आज या व्यापारात देहरादूनच्या घंटेचं नाव मोठं आहे. नक्षी सुबक, आणि आस खरोखरच लांब. दादाने ती उलटी करून आत बोट फिरवलं आणि म्हणाला, "आतनं बघ की, किती साफ उतरलीय."

शुक्रवार, पाटण

ललितपूर म्हणजेच पाटण, काठमांडूच्या दक्षिणेला बागमतीपलीकडे. पाट्या सगळ्या देवनागरीत, त्यामुळे गल्लीबोळांत हरवायची भीती नाही. सकाळी आधी हिरण्यवर्ण महाविहारात गेलो. लोक त्याला क्वा बहाल म्हणतात. आतल्या चौकात उतरायचं तर चामड्याची वस्तू बाहेर ठेवावी लागते. चौकात कासवं फिरत असतात, त्यांना वळसा घालून माणसं दर्शनाला जातात.

मला इथे यायचं होतं ते ग्रंथासाठी. सोन्याच्या अक्षरांत लिहिलेली अष्टसाहस्रिका प्रज्ञापारमितेची पोथी या विहारात आहे, आणि भक्तांनी नवस बोलला की वज्राचार्य पुरोहित तिचं वाचन करतात. काल घंटेच्या मुठीवर जिचा चेहरा पाहिला ती प्रज्ञापारमिता इथे ग्रंथरूपाने बसली आहे. नेवार, म्हणजे या खोऱ्यातल्या जुन्या रहिवासी समाजाच्या, बौद्धांची पूजा संस्कृतात चालते. वज्राचार्यांच्या घरातल्या मुलाला दीक्षा देताना वज्र आणि घंटा हातात दिली जाते, तेव्हापासून तो पूजा सांगायला पात्र होतो. एका गुरुजूंची पूजा चौकाच्या कडेला चालली होती. समोर तांदूळ, शेंदूर, फुलं, दिवा. मंत्राच्या कडव्याअखेर डावा हात किंचित वळायचा आणि घंटा दोनतीनदा बोलायची. मंत्र त्यांनी फार हळू म्हटले, ओठांतल्या ओठांत. समोरच्या यजमानाला कडवं संपल्याचं घंटेवरूनच कळत होतं.

तिथून महाबौद्ध आणि ओकू बहालच्या बाजूला. हा ओतकाम करणाऱ्या शाक्य घराण्यांचा भाग. घराघरांतून छिन्नीची टकटक येते. याच खोऱ्यातला अरनिको तेराव्या शतकात, पोरवयातच, कारागिरांची तुकडी घेऊन तिबेटला गेला आणि पुढे कुबलाई खानाच्या दरबारी पोहोचला. बीजिंगमधला पांढरा स्तूप त्याने बांधला. नेवार व्यापारी आणि कारागीर ल्हासात पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यामुळे तिबेटी घंटेचा विचार करताना पाटण वगळताच येत नाही.

ओळखीतून एका कारखान्याची वाट मिळाली होती. कारखाना म्हणजे घराचा तळमजला आणि मागचं अंगण. मालकांना सगळे दाई, म्हणजे नेपाळीत थोरला भाऊ, म्हणतात; आम्हीही तेच म्हणू लागलो. त्यांनी आधी चहा दिला, मग मेण दाखवलं. मधमाशीच्या मेणात सालाच्या झाडाची राळ मिसळलेली. नुसतं मेण उन्हाळ्यात लिबलिबीत होतं, राळ घातली की धार धरून राहतं. घंटेचं पोट आधी मेणाचं करतात. मोत्यांचे सर, मुखं, वज्रांची ओळ यांचे छोटे ठसे असतात, त्यांत मेण दाबून पट्ट्या काढायच्या आणि गरम पात्याने पोटावर चिकटवायच्या.

एक बहिनी (नेपाळीत धाकटी बहीण; तरुण मुलीला असंच हाक मारतात) हे काम करत होती. तिच्या पुढ्यात कोमट पाण्याचं भांडं आणि पलीकडे शेगडीत तापत ठेवलेली पाती. मोत्यांचा सर तिने चिमटीत उचलला, दोन मुखांच्या मध्ये झुलता ठेवला आणि झोल दोन्हीकडे सारखा आला की नाही ते मान वाकडी करून बघितलं. पटलं नाही, तिने तो सोलून काढला. दुसऱ्यांदा ठेवला. मग पात्याचं टोक मेणाला इतक्या हलक्या हाताने लावलं की ठसा न बिघडता फक्त कड विरघळली. एका मोत्याला बोट लागून तो चपटा झाला होता. तिने मोहरीएवढी मेणाची गोळी करून नवा मोती बसवला. आम्ही पाऊण तास तिथेच बसलो होतो.

मूठ वेगळी ओततात. पोट काशाचं, मूठ बहुधा पितळेची. याचं कारण दादाला न विचारता कळलं: वाजणारं कासं ठिसूळ, त्यावर छिन्नी चालत नाही, देवीच्या चेहऱ्याचे डोळे-ओठ नंतर छिन्नीने उकरायचे असतात, त्याला मऊ धातू हवा. मग मिश्रणाचा विषय निघाला. दुकानांतून सप्तधातू, पंचधातू असं सांगितलं जातं. घंटेचा आवाज तांबं आणि कथील या दोघांतून येतो: साधारण ७८ भाग तांबं, २२ भाग कथील, थोडं इकडेतिकडे. कथील कमी पडलं तर आवाज लवकर बसतो, जास्त झालं तर घंटा तडकते. त्याच काशाची वाटी ठोकून करतात ती तापवून, लाल असताना. घंटा ठोकत नाहीत, ती ओतावीच लागते. दादा आणि दाई दोघेही खाली बसून फरशीवर खडूने साच्याचं चित्र काढत होते, रनर, म्हणजे धातू आत जायची वाट, कुठून, हवा कुठून निघणार. दादा मराठी-हिंदीत, दाई नेपाळी-हिंदीत, आणि मध्ये दोघांचीही खूण एकच. माझ्या भावाला इतकं खुशीत मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं.

मेणावर मातीचे लेप चढवलेले साचे अंगणात सुकत होते. पहिला लेप गाळलेली बारीक माती आणि शेण यांचा, नक्षीच्या खाचांत शिरणारा. वरचे जाड लेप भाताचा कोंडा घातलेल्या मातीचे. "मंगळवारी ओतणार," दाई म्हणाले. आमचं परतीचं विमान मंगळवारी संध्याकाळचं आहे. सकाळी येतो म्हणून सांगितलं.

शनिवार, स्वयंभू

नेपाळात शनिवार सुटीचा. कारखाना बंद, म्हणून स्वयंभूच्या टेकडीवर. पूर्वेच्या बाजूच्या पायऱ्या चढून वर आलं की समोरच भलंमोठं वज्र आडवं ठेवलेलं आहे. राजा प्रताप मल्लाने सतराव्या शतकात बसवलेलं. खालच्या चौथऱ्यावर तिबेटी वर्षांचे बारा प्राणी कोरले आहेत. दधीचीच्या अस्थींचं वज्र लहानपणी गोष्टीत ऐकलेलं, ते एवढं थोरलं समोर पाहून अंगावर काटा आला. सुटीमुळे गर्दी फार होती, माकडंही फार. लवकर उतरलो.

दुपारी टेकडीच्या पलीकडे, त्रितेन नोर्बुत्से या बोन मठाकडे. बोन ही तिबेटची बौद्धांपासून वेगळी ओळख जपणारी परंपरा. त्यांची घंटा निराळी: तिला शांग म्हणतात. पसरट, उथळ, तोंड वर करून धरायची, आणि हात फिरवला की लोलक आत गरगरतो. द्रिलबूचा ठोका सुटा ऐकू येतो, शांगचा आवाज एकात एक मिसळून सळसळतो. एका तरुण भिक्षूने ती आनंदाने वाजवून दाखवली. द्रिलबू ऐकून झाल्यावर शांग ऐकावी असं मी कुणालाही सांगेन. दोन्हींचं कासं एकच असून घडणीने केवढा फरक पडतो ते लगेच कळतं.

रविवार, बौद्ध

आज पौर्णिमा. पहाटे पाचला स्तूपाभोवती दिव्यांच्या ओळी लागल्या होत्या. मागच्या गल्लीतल्या एका मठात पूजेला बसायची परवानगी मिळाली. चपला काढून भिंतीलगतच्या आसनावर बसलो. लोण्याच्या चहाचे पेले फिरले.

भिक्षू समोरासमोर ओळींनी बसतात. दरवाजाकडच्या टोकाला वाद्यं: दांडीवर उभे धरलेले ङा नावाचे ढोल, माणसापेक्षा लांब दुंगचेन नावाचे कर्णे, सनईच्या जातीचे ग्यालिंग. ग्यालिंगवाले श्वास न तोडता वाजवतात, गाल सतत फुगलेले. झांजा दोन प्रकारच्या: रोल्मो मोठ्या फुगवट्याच्या, आडव्या धरून वरखाली वाजवायच्या; सिलन्येन जवळजवळ सपाट, उभ्या धरायच्या. रोल्मो उग्र देवतांसाठी, सिलन्येन सौम्य देवतांसाठी. पाठाचा प्रमुख उम्झे, लय त्याच्या हातात. आणि ज्येष्ठ भिक्षूंच्या पुढच्या चौरंगावर एकेक घंटा, तिच्यापुढे वज्र. घंटेवरच्या देवीचं तोंड वाजवणाऱ्याकडे.

बराच वेळ घंटा वाजल्याच नाहीत. खर्जातला पाठ चालला होता, इतका खाली की त्यातले शब्द वेगळे काढणं कठीण. मग उजव्या हाताने वज्र उचललं गेलं, पाठोपाठ डाव्याने घंटा, सगळ्यांचं एकदम, आणि घंटा उचलताना एकाच्याही लोलकाचा आवाज आला नाही. हे सोपं नाही. लोलक सुटा टांगलेला असतो. मनगट जराही हललं तर तो बोलतो.

आणि मग अर्पण सुरू झालं. माझा कान एकदम जागा झाला, कारण शब्द ओळखीचे निघाले. अर्घं. पाद्यं. पुष्पे, जे तिबेटी जिभेवर 'पुक्पे' होतं. धूपे. आलोके. गंधे. नैवेद्ये. घरी गणपतीत गुरुजी सांगतात तेच उपचार, जवळजवळ त्याच क्रमाने, हिमालयापलीकडे जाऊन आलेले. प्रत्येक नावासोबत बोटांची एक मुद्रा, वज्र आणि घंटा हातात तशीच ठेवून. मुद्रा सुटता सुटता घंटेचा छोटा ठोका. सातांनंतर आठवं अर्पण: शब्द. म्हणजे खुद्द ध्वनी. पाणी, फूल, उदबत्ती, दिवा, गंध, अन्न देऊन झाल्यावर नाद देवापुढे ठेवायचा. ते नाव उच्चारलं गेलं आणि सगळ्या घंटा सलग झुलू लागल्या, रोल्मो कडाडल्या, दुंगचेनचा खर्ज जमिनीतून पायांत आला. रोल्मोचे ठोके आधी सुटेसुटे, मग जवळ जवळ येत, वेग वाढता वाढता बारीक होत विरून गेले. त्या सगळ्याच्या वर घंटा ऐकू येत राहिल्या.

आपल्याकडे घंटा वाजवायची ती देवांनी यावं आणि राक्षसांनी जावं म्हणून. हे आवाहन झालं. इथे आवाहनाला घंटा आहेच, पण नादाला नैवेद्याशेजारी पान मांडलेलं आहे. गाणं शिकवणाऱ्या बाईला याहून मोठं काय ऐकायला मिळणार? मी डोळे पुसले. दादाने काही विचारलं नाही.

संगीताच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट ध्यानात आली. कुणाचीही घंटा दुसऱ्याच्या घंटेशी मिळवलेली नसते, पाठाच्या स्वराशीही नाही. पंधरावीस घंटा, पंधरावीस षड्ज. आपल्या कानाला हे आधी खटकेल असं वाटलं होतं. पण ठोके छोटे आणि आस लांब, त्यामुळे स्वर भांडत नाहीत. त्यांच्या लाटा एकमेकींत शिरतात आणि दालनभर एक प्रकारची झळाळी पसरते. घंटा लावून घेतल्या असत्या तर ती गेली असती.

पूजा संपल्यावर एका वयस्क लामांशी थोडं बोलणं झालं. वज्र आणि घंटा एकमेकांपासून दूर ठेवायची नाहीत. उगाच, हात शिवशिवतो म्हणून वाजवायची नाही. दीक्षा आणि गुरूंकडून शिकवण मिळाल्यावर ती हाती येते, मग रोजच्या साधनेत आयुष्यभर सोबत राहते. त्यांची स्वतःची घंटा गुरूंकडून आलेली. मुठीवरच्या देवीचं नाक बोटांनी झिजून गुळगुळीत झालं होतं. विक्रमशीलेचे आचार्य अतीश १०४२ मध्ये तिबेटात पोहोचले, तेही नेपाळवरूनच गेले, असं त्यांनी सांगितलं, आणि तुम्ही कुठल्या म्हणून विचारलं. मी महाराष्ट्र म्हटल्यावर त्यांना वेरूळ ठाऊक होतं. आमच्याकडे कोकणात, दापोलीजवळ पन्हाळेकाजीच्या लेण्यांत वज्रयानातल्या, म्हणजे तांत्रिक बौद्ध पंथातल्या, महाचंडरोषण या देवतेची मूर्ती सापडली आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्यांनी ते नाव दोनदा म्हणायला लावलं. या घंटेच्या परंपरेची एक फांदी कधीकाळी आपल्या समुद्रापर्यंत आली होती. दाभोळ खाडीच्या बाजूला आपण आंबे आणायला जातो, लेण्यांकडे गाडी वळवत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

सोमवार, बौद्धच्या उत्तरेला

भिक्षुणींच्या एका मठात चोद ऐकायला गेलो. चोद ही अकराव्या-बाराव्या शतकातल्या माचिक लाब्द्रोन या तिबेटी योगिनीपासून आलेली साधना. साधक मनाने स्वतःचा देह सर्व प्राणिमात्रांना अर्पण करतो, भुकेल्यांना, रोग्यांना, भुताखेतांनासुद्धा. आणि हे सगळं गाऊन करायचं.

यात घंटेचं काम पार बदलतं. उजव्या हातात वज्राच्या जागी डमरू येतो, आपल्या शंकराच्या डमरूपेक्षा पसरट आणि मोठा, त्याला रंगीत कापडाचं लांब शेपूट. डाव्या हातात घंटा. डमरू झोक्याने वाजवतात, मनगट पूर्ण वळून परत येतं, आणि घंटा त्याच्या सोबत चालते. काल घंटा कडवं संपवत होती. आज ती लय धरून होती, आपल्याकडे भजनात टाळ धरतो तशा जबाबदारीने. चाल संथ, चारपाच स्वरांत फिरणारी, अतिशय गोड. डमरूचा ठोका कोरडा आणि आखूड, घंटेचा ओला आणि लांब. दोन्ही एकदम पडले की डमरू ठोक्याची कड दाखवतो आणि घंटा त्याला लांबी देते. ही जोडी ज्याने प्रथम जुळवली त्याचा कान फार मोठा.

नंतर एका भिक्षुणीने मला मनगट शिकवलं, आपल्या जुन्या सरावाच्या घंटेवर. मूठ आवळायची नाही. अंगठा आणि पहिली दोन बोटं धरतात, बाकीची नुसती टेकलेली. दंड हलवायचाच नाही. मनगट बाहेर वळवून थांबवायचं. थांबण्यामुळे लोलक काठावर येतो. हात हलवत राहिलं तर लोलक दोन्हीकडे आपटून खणखणाट होतो. तिने माझं कोपर बरगडीशी दाबून धरलं आणि "अब करो" म्हणाली. ठोका स्वच्छ आला तेव्हा तिचा चेहरा उजळला.

मंगळवार, पाटण

सकाळी सातला अंगणात धूर होता. साचे भट्टीत उलटे लावून मेण काढून घेतलं होतं आणि आता ते तापून लालसर दिसत होते. "गरम साच्यात ओतलं की धातू नक्षीच्या टोकापर्यंत पळतो," दादा माझ्या कानात म्हणाला. क्रुसिबलमध्ये, म्हणजे धातू वितळवायच्या मुशीत, आधी तांबं. तांबं वितळायला १०८५ अंश लागतात, कथील २३२ अंशांतच पाणी होतं. म्हणून कथील अगदी शेवटी घालतात, नाहीतर ते जळून वाया जातं. कथिलाचे तुकडे पडले तशी ज्वाळेची रंगत बदलली. दाईंनी लोखंडी सळईने ढवळलं, वरची मळी काढली, आणि मुलाला हाक मारली. दोघांनी मिळून चिमट्याने क्रुसिबल उचललं. धार बारीक आणि न तुटता पडली पाहिजे. मध्ये तुटली तर जोड राहतो आणि तिथून घंटा फुटते. साचा तोंडापर्यंत भरला की पुढचा. कुणीही बोलत नव्हतं, दादासुद्धा.

साचे निवेपर्यंत शेजारच्या घरातून गरम बारा आली. उडदाच्या डाळीची, आपल्या वड्याची चुलत बहीण. मग एकेक साचा हातोडीने फोडला. आतून काळी, खरबरीत घंटा, डोक्यावर रनरचा दांडा तसाच. तो करवतीने कापला. पहिलीवर दाईंनी लाकडी मोगरीने टिचकी मारली: आवाज आला, अजून जाड, पण खालचा स्वर होता. कानशीने काठ साफ केला, आतून खरवडली, पुन्हा टिचकी. आता लाटा मोकळ्या झाल्या होत्या. अर्ध्या तासात डोळ्यांसमोर आवाज घासून निघत होता.

तिसरी घंटा बद्द वाजली. दिसायला सगळ्यांत सुंदर उतरलेली, मोत्यांचा एकही सर तुटला नव्हता. शुक्रवारी बहिनीने बसवलेले तेच सर. दाईंनी ती माझ्या हातात दिली. मी काठावर चारी अंगांनी टिचकी मारली. एका जागी आस एकदम तोकडी पडत होती. तिथे बोट ठेवलं. दादाने नखाने खरवडलं, "ब्लो होल हाय आत." दाईंनी मान हलवली, घंटा ऐरणीवर ठेवली आणि घणाचा एकच घाव घातला. कासं वाकत नाही, फुटतं. करडे-पांढरे तुकडे उडाले. फुटलेल्या भिंतीत हरभऱ्याएवढी पोकळी निघाली. मुलाने तुकडे गोळा करून पुढच्या ओताच्या डब्यात टाकले. बहिनीने एकवार तिकडे पाहिलं आणि नवी मेणपट्टी काढायला घेतली.

मी घंटा विकत घेतली नाही. दीक्षेशिवाय ती माझ्या घरात कपाटावरची वस्तू होऊन बसली असती, आणि लामांचं म्हणणं मला मनापासून पटलं आहे. चांगल्या उतरलेल्या घंटा एका मठाच्या आहेत. त्यांतल्या एकीचं काम दाईंनी आमच्यासाठी पुढे ओढलं: पितळी मूठ जुळवून बसवली, आणि लोलकांचा डबा समोर ओतला. लोलकही आवाज घडवतो. जड लोलक खालचा स्वर उठवतो पण ठोका बोथट करतो. हलका लोलक वरचा आवाज चमकवतो आणि खालच्याला जागं करत नाही. दाई एकेक अडकवून वाजवायचे आणि आमच्याकडे बघायचे. दादाला जाड बुडाचा आवडला. मला त्याहून एक माप लहान, कारण त्याच्यावर लाट लवकर सुरू होत होती. दाईंनी दोन्ही पुन्हा वाजवले.

"विमान किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"साडेपाचला," दादा म्हणाला.

"मग वेळ आहे," म्हणत त्यांनी माझा लोलक काढला, कानशीवर त्याचं एक अंग जरा उतरवलं आणि परत तारेत ओवायला घेतला.